मराठीच्या वाटेने आइसलँडिककडे

आइसलँडिक ही फार अवघड भाषा आहे, असे इंग्रजीतली बहुतेक पाठ्यपुस्तके सुरुवातीलाच बजावतात. कारणेही देतात: नामांना तीन लिंगे, चार विभक्त्या, नामाप्रमाणे बदलत जाणारे विशेषण, आणि ज्यांचा कर्ता प्रथमेत नसतोच अशी शेकडो वाक्ये. इंग्रजीतून येणाऱ्याला हे सारे खरोखरच नवे असते. मराठी माणसाने मात्र ही यादी सावकाश वाचावी. तीन लिंगे आपल्याला आहेत. विभक्त्या आपण शाळेत पाठ केल्या आहेत. ‘चांगला, चांगली, चांगले’ हे आपण विचार न करता बदलतो. ‘मला थंडी वाजते’ या वाक्यात ‘मी’ कुठे गेला, असा प्रश्न आपल्याला कधी पडलेला नाही.

मराठी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनी आइसलँडिक थेट मराठीतून शिकावी, इंग्रजीचा वळसा घेऊ नये, एवढेच या पुस्तकाचे म्हणणे आहे. वळसा घेतला की ज्या अडचणी आपल्या नाहीतच त्याही गळ्यात पडतात, आणि ज्या खरोखर आपल्या आहेत त्यांच्याकडे लक्ष जात नाही. ते कसे, हे उदाहरणांनी दाखवण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

आधी भाषेची ओळख. उत्तर अटलांटिक महासागरातल्या एका ज्वालामुखीय बेटावरच्या जेमतेम चार लाख लोकांच्या देशाची ही भाषा. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः नॉर्वेहून आलेल्या वसाहतकारांनी ती बरोबर आणली. पहिला कायमचा रहिवासी म्हणून इंगोल्फुर आर्नार्सॉनचे नाव घेतात आणि परंपरेने ८७४ हे साल सांगतात. ९३० साली अल्थिंग ही लोकसभा उघड्या माळावर भरू लागली. तेराव्या शतकात सागा, म्हणजे तिथल्या दीर्घ गद्यकथा, लिहिल्या गेल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली न्यालची सागा साधारण १२८० च्या सुमाराची, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आगेमागेची. ज्ञानेश्वरी वाचताना आज आपल्याला ओवीखाली अर्थ लागतो. आइसलँडमधली शाळकरी मुले मात्र लेखन आजच्या पद्धतीचे केलेल्या प्रतीवरून सागा वाचू शकतात. उच्चार या काळात पुष्कळ बदलले, पण रूपे आणि शब्द फारसे हलले नाहीत.

पुढे हा देश आधी नॉर्वेच्या आणि मग डेन्मार्कच्या राजवटीखाली गेला. १७ जून १९४४ रोजी तो प्रजासत्ताक झाला. परक्या राजवटीत भाषा टिकली त्याची कारणे साधी आहेत. बायबल १५८४ सालीच लोकांच्या भाषेत छापून झाले होते. हिवाळ्याच्या लांब रात्री घरातली माणसे लोकर पिंजत, कातत बसायची आणि एक जण सर्वांना मोठ्याने सागा वाचून दाखवायचा. शेतावरच्या सामान्य घरातही हस्तलिखिते उतरवून घेतली जात. हाल्दोर लाक्सनेस यांना १९५५ साली साहित्याचे नोबेल मिळाले ते या वाचत्या समाजाच्या भाषेत लिहून.

या भाषेच्या अभ्यासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. रास्मुस रास्क हे डॅनिश विद्वान. त्यांनी १८११ साली आइसलँडिकचे व्याकरण प्रसिद्ध केले, १८१३ ते १८१५ या काळात ते आइसलँडमध्ये राहिले, आणि डॅनिशच्या रेट्याखाली ही भाषा मरेल या काळजीने त्यांनी १८१६ साली आइसलँडिक साहित्य मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. ते मंडळ आजही चालू आहे. आइसलँडिकचे मूळ शोधणारा त्यांचा निबंध १८१८ मध्ये छापला गेला. ग्रीक-लॅटिनमधले काही वर्ण आइसलँडिकमध्ये ठरावीक नियमाने बदललेले दिसतात, हे त्यांनी त्यात दाखवले. याकोब ग्रिम यांनी तो नियम पुढे व्यवस्थित मांडला. पुढे रास्क रशिया आणि इराण ओलांडून १८२० साली मुंबईत पोहोचले. पारशी धर्मगुरूंकडे अवेस्ताचा अभ्यास करून त्यांनी मिळवलेली हस्तलिखिते आज कोपनहेगनमध्ये आहेत. त्यांचा नियम संस्कृत शब्दांना लावून पाहा: ‘पितृ’मधल्या प च्या जागी आइसलँडिकमध्ये फ येतो, ‘त्रि’मधल्या त च्या जागी जिभेचे टोक दातांना लावून सोडलेला घर्षक थ येतो, आणि ‘दंत’, ‘द्वि’, ‘दश’ यांतल्या द च्या जागी त-वर्गातला कठोर वर्ण येतो. बाप, तीन, दात, दोन आणि दहा या अर्थांचे आइसलँडिक शब्द असे आपल्याच घराण्यातले निघतात.

आता उच्चार. मूळ लिपी पहिल्या धड्यापासून शिकवली आहे. या प्रस्तावनेत मात्र आइसलँडिक शब्द देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. त्यासाठी दोन खुणा ठरवून घेऊ. अक्षराखाली नुक्ता असेल तर हवा न अडवता घासत सोडायची: फ़, थ़, द़, ग़. स्वरापुढे विसर्ग असेल तर तो संस्कृतातल्यासारखा, हलक्या ‘ह’चा.

मराठी माणसाचा सर्वांत मोठा लाभ महाप्राणाचा. रोमन लिपीतले प, त, क यांचे वर्ण आइसलँडिक शब्दाच्या आरंभी आले की ते आपल्या फ, थ, ख सारखे उच्चारले जातात. ब, द, ग यांचे वर्ण आले की उच्चार होतो तो प, त, क. या भाषेत घोष ब, द, ग नाहीतच. ‘पेरा’ म्हणजे वाहून नेणे, ‘फेरा’ म्हणजे नाशपातीसारखे फळ. लिहिताना पहिल्या शब्दात ब चा वर्ण असतो आणि दुसऱ्यात प चा. इंग्रजी बोलणाऱ्याचा कान इथे महिनोन् महिने अडखळतो. आपल्याला ‘पळ’ आणि ‘फळ’ यांतला भेद पाळण्यात ऐकू येतो. एकच पथ्य: हल्ली आपण ‘फळ’मधला फ इंग्रजी वळणाने दातांवर घासून म्हणतो. इथे ओठ पूर्ण मिटून, मग हवेचा झोत सोडून म्हणायचा. आणि इंग्रजीतला त-वर्ण दिसला की ट लिहायची आपली सवय इथे सोडून द्यावी. ट, ठ, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण आइसलँडिकमध्ये नाहीत; जीभ दातांच्या मुळाशी राहते. ‘थाला’ म्हणजे बोलणे. त्याचा उच्चार ‘टाला’ केला तर ऐकणाऱ्याला तो परका वाटेल.

हा महाप्राण प्रदेशानुसारही बदलतो. शब्दाच्या मध्ये, दोन स्वरांच्या बेचक्यात, दक्षिणेत रेक्याविककडचे लोक तो सोडतात आणि उत्तरेत अकुरेरीकडचे पुष्कळ लोक राखतात. हरवणे या अर्थाचा शब्द दक्षिणेत ‘थापा’ आणि उत्तरेत ‘थाफा’ असा ऐकू येईल. पुस्तकात दक्षिणेकडचा उच्चार घेतला आहे.

दुसरा लाभ विसर्गाचा. प, त, क यांची द्वित्ते आली किंवा त्यांच्यानंतर ल, न आले की त्यांच्या आधी हलका ह येतो. याला पूर्वमहाप्राण म्हणता येईल. इंग्रजी पुस्तकांत तो समजावायला पाने खर्च होतात. आपण ‘प्रातःकाळ’, ‘अंतःकरण’ नीट म्हणत असू तर तो आपल्याकडे आहेच. आभार मानायला ‘थाःक’ म्हणतात. रात्र म्हणजे ‘नोउःत’, सफरचंद म्हणजे ‘एःप्लि’, पाणी म्हणजे ‘वाःत्न’.

तिसरा लाभ न्ह, ल्ह, ऱ्ह यांचा. आइसलँडिक शब्द ह्न, ह्ल, ह्र अशा जोड्यांनी सुरू होतात. ‘न्हाणे’, ‘ल्हान’, ‘तऱ्हा’ म्हणणाऱ्या तोंडाला ही जागा ओळखीची आहे. फरक इतकाच की आपला न्ह घोष असतो आणि त्यांचा अघोष. गळ्यावर बोट ठेवून कंप थांबवला की पुरे.

मराठीत नसलेले आवाज मोजके आहेत. थ़ आणि द़ हे दोन दंत्य घर्षक; मूळ लिपीत त्यांना स्वतंत्र अक्षरे आहेत आणि बत्तीस अक्षरांच्या वर्णमालेत ती लगेच डोळ्यांत भरतात. द्वित्त ल चा उच्चार ‘त्ल’ होतो: डोंगर म्हणजे ‘फ़्यात्ल’. २०१० साली उद्रेक होऊन युरोपची विमाने खोळंबवणाऱ्या हिमनदीचे नाव ‘एइयाफ़्यात्लायोकुत्ल’ असे म्हणायचे: ‘एइया’ बेटांचे, ‘फ़्यात्ला’ डोंगरांचे, ‘योकुत्ल’ हिमनदी. तुकडे पाडले की भीती उरत नाही. न चे द्वित्त जोडस्वरानंतर ‘त्न’ होते: दगड म्हणजे ‘स्तेइत्न’. फ़ नंतर न किंवा ल आला की फ़ चा प होतो: नाव म्हणजे ‘नाप्न’. स्वरांमधला एक नवा असा: जीभ ‘ए’च्या जागी ठेवून ओठ गोल करायचे; इथे तो ‘ओ’ने दाखवला आहे. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर येतो. हा नियम दिवसातून दहा वेळा आठवावा, कारण मराठी बोलताना आपला जोर शब्दात कुठेही सरकतो.

लेखनाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आइसलँडिकमध्ये ‘इ’ हा एकच आवाज दोन अक्षरांनी लिहितात आणि कुठे कोणते अक्षर हे शब्दाच्या मुळावरून ठरते. मराठीत आपण श आणि ष यांचा उच्चार सारखाच करूनही ‘भाषा’ आणि ‘आशा’ वेगळे लिहितो, तोच हा प्रकार. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. आइसलँडने १९७३ साली निव्वळ व्युत्पत्तीसाठी राखलेले रोमन लिपीचे शेवटचे अक्षर वर्णमालेतून काढले, पण इ ची जोडी ठेवली.

एका अक्षराने अर्थ कसा बदलतो हे शब्दांच्या जोड्या समोर ठेवून दाखवण्याची रीत या भाषेत फार जुनी आहे. बाराव्या शतकाच्या मध्यावर एका अनाम आइसलँडिक वैयाकरणाने आपल्या भाषेला लॅटिन लिपी कशी बेतावी, यावर लहानसा ग्रंथ लिहिला आणि नेमकी हीच पद्धत वापरली. या पुस्तकातले उच्चाराचे धडे त्याच रीतीने रचले आहेत.

आता व्याकरण, आणि आधी लिंग. भारतीय आर्यभाषांपैकी हिंदीसह अनेक भाषांनी नपुंसकलिंग टाकून दिले. मराठी, कोकणी आणि गुजरातीने ते राखले. म्हणून ‘कोउद़ुर स्त्राउकुर, कोउद़ स्तेल्पा, कॉःत पार्त्न’ हे आपल्याला ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल’ इतके सरळ लागते. मूल तिथेही नपुंसकलिंगीच. साम्य इथेच थांबत नाही. स्त्री आणि पुरुष यांचा मिळून उल्लेख असेल तर आइसलँडिकमध्ये सर्वनाम आणि विशेषण नपुंसकलिंगी अनेकवचनात जातात. बोलताना आपणही ‘नवरा-बायको दोघं आली’ म्हणतो. संख्यावाचकांत एक ते चार हे आकडे लिंगानुसार बदलतात: दोनसाठी ‘थ्वेइर, थ्वाइर, थ्वो’. आपल्याकडे ‘दोघे, दोघी, दोघं’ हा क्रम ‘चौघे, चौघी, चौघं’पर्यंत जातो. आपण तो माणसांपुरता ठेवला, त्यांनी सर्व वस्तूंना लावला.

कोणत्या नामाचे लिंग कोणते, हे मात्र पाठ करावे लागेल. मराठीतल्या लिंगावरून अंदाज बांधू नये. प्रत्येक नाम त्याच्या लिंगासह आणि अनेकवचनासह लिहून घ्यावे.

विभक्त्या चार: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी. आपल्या परिचयाच्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी यांची बरीच कामे तिथे चतुर्थी करते. घोड्याची चार रूपे ‘हेस्तुर, हेस्त, हेस्ति, हेस्त्स’ अशी होतात. आइसलँडमधली मुले ती चार लहान शब्दांच्या आधाराने म्हणतात: ‘हा पाहा’, ‘विषयी’, ‘पासून’ आणि ‘कडे’ या अर्थांचे शब्द नामाआधी लावले की प्रत्येक विभक्तीचे रूप आपोआप ओठांवर येते. तो विशिष्ट घोडा असे सांगायचे असेल तर निश्चयवाचक प्रत्यय नामाला मागून जोडतात: ‘हेस्तुरिन’. अनिश्चित घोड्यासाठी काहीच जोडत नाहीत.

रूप चालवताना मुळातला स्वर बदलतो, याने नवखा माणूस गोंधळतो. एक मूल ‘पार्त्न’, अनेक मुले ‘पोर्त्न’. एक पुस्तक ‘पोउक’, अनेक पुस्तके ‘पाइकुर’. मी बोलतो ‘येग़ थाला’, आम्ही बोलतो ‘विद़ थोलुम’. पण ‘पाऊस’चे ‘पावसात’, ‘कापूस’चे ‘कापसाचा’ करणाऱ्याला सामान्यरूपात मूळ हलते हे नव्याने शिकवायला नको. विशेषनामेही चालतात: आन्ना भेटली असे न म्हणता मी आन्नाला भेटलो असे म्हणायचे झाले तर ती ‘ओन्नु’ होते. वडिलांच्या नावाच्या षष्ठीला मुलगा किंवा मुलगी या अर्थाचा शब्द जोडून दुसरे नाव तयार होते. म्हणून सख्ख्या बहीण-भावांचे दुसरे नाव वेगळे असते, आणि ते आडनाव नसल्यामुळे तिथली दूरध्वनी-पुस्तिका पहिल्या नावाच्या क्रमाने लावत.

आणि आता तो भाग, ज्यासाठी हे पुस्तक मराठीत लिहावेसे वाटले. ‘म्येर एर खाल्त’ म्हणजे मला थंडी वाजते. ‘म्येर फ़िन्स्त’ म्हणजे मला वाटते. ‘मिग़ त्रेइम्ति’ म्हणजे मला स्वप्न पडले. अनुभव घेणारा चतुर्थीत किंवा द्वितीयेत, आणि क्रियापद त्याच्याशी जुळतच नाही. ‘म्येर लीका थ़ेस्सिर हेस्तार’, म्हणजे मला हे घोडे आवडतात: क्रियापद अनेकवचनी, कारण घोडे अनेक. मराठीतही नेमके तेच. आधुनिक भाषाशास्त्रात आइसलँडिकच्या या रचनेवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. मराठी मूल ती शाळेत जाण्याआधी वापरते.

अडचण आहे ती वेगळ्याच ठिकाणी. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय जवळपास एकच असल्याने ‘मिग़’ आणि ‘म्येर’ या दोन्हींना आपण ‘मला’ म्हणतो. कोणत्या क्रियापदाला कोणते, हे लक्षात ठेवावे लागते. खुद्द आइसलँडिक लोकांचीही इथे ओढ चतुर्थीकडे असते, आणि तिथल्या शाळांत या सवयीला ‘चतुर्थीचा आजार’ असे नाव पडले आहे. मराठी विद्यार्थ्याने या क्रियापदांची यादी भिंतीवर लावावी.

खरा कस लागतो तो शब्दक्रमात. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. आइसलँडिकमध्ये ते दुसऱ्या जागी ठाम बसते. वाक्य ‘आज’ने सुरू केले तर लगेच ‘जातो’ आणि मग ‘मी’: ‘ई ताग़ फ़ेर येग़’. दुसरी अडचण शब्दयोगी अव्ययांची. आपली नामानंतर येतात, त्यांची नामाआधी, आणि प्रत्येक अव्यय विशिष्ट विभक्ती मागते. काही अव्यये दोन मागतात. शाळेत जातो म्हणताना द्वितीया, ‘ई स्कोउलान’. शाळेत आहे म्हणताना चतुर्थी, ‘ई स्कोउलानुम’. आपल्याला दोन्हीकडे ‘शाळेत’च असते, म्हणून गती आणि स्थिती यांतला हा भेद जाणीवपूर्वक घोटावा लागेल. क्रियापदाने मात्र दिलासा मिळतो: ‘जातो’ आणि ‘जाते’ असा भेद तिथे नाही.

बोलण्याच्या रीतीबद्दल एक सूचना. आदरार्थी बहुवचन आइसलँडमध्ये विसाव्या शतकात मागे पडले आणि आता ऐकू येत नाही. शिक्षक, डॉक्टर, राष्ट्राध्यक्ष, सर्वांना पहिल्या नावाने आणि ‘तू’ म्हणूनच बोलावतात. आपल्या जिभेवर ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ येईल. तो संकोच स्वाभाविक असला तरी तिथे ‘तू’ म्हणण्यात अनादर नसतो.

पुस्तकाला शिक्षकाची जोड हवी. मराठीजनांना आइसलँडिक शिकवणारे वर्ग सहज सापडणार नाहीत, पण साधने मोफत आहेत. आइसलँड विद्यापीठाचा आइसलँडिक ऑनलाइन हा अभ्यासक्रम घरबसल्या करता येतो. आर्नी माग्नुसॉन संस्थेच्या संकेतस्थळावरच्या रूपकोशात नाम किंवा क्रियापद टाकले की सगळी रूपे समोर येतात. १९३० पासून चालू असलेली तिथली राष्ट्रीय नभोवाणी ऐकता येते, आणि अर्थ न कळताही सुरुवातीचे काही आठवडे ती रोज ऐकावी. पहिल्या अक्षरावरचा आघात कानात त्यानेच मुरतो.

वाचकाला शेवटची विनंती अशी. धडे क्रमानेच घ्यावेत, उच्चाराचे पहिले तीन धडे मोठ्याने वाचल्याशिवाय व्याकरणाकडे वळू नये. नाम कधीही एकटे पाठ करू नये. त्याच्या मागेपुढे एक विशेषण आणि एक अव्यय जोडून लहान वाक्यच पाठ करावे. आणि एखादी रचना कळेनाशी झाली तर तिचे इंग्रजी भाषांतर शोधण्याआधी तीच गोष्ट आपण मराठीत कशी म्हणतो, हे स्वतःला विचारावे. उत्तर पुष्कळदा तिथेच मिळेल.